घुबडांना भीड नाही

२४ नोव्हेंबर

ओग्न्येन आणि मी नगरपालिकेसाठी घुबडांची पाहणी करतो. चौकातल्या पाइनच्या झाडांखाली घुबडांनी ओकलेले गोळे तो रोज वेचतो, फोडतो, आतली उंदरांची हाडं-केस तपासतो. आज केस गुलाबी निघाले! उंदरांच्या विषाचा रंग. दोन घुबडं मेली आहेतच. अंगावर जखम नाही, फक्त चोचीत रक्त.

म्हणाला, "नेवेना, पक्षी माझ्याकडे, माणसं तुझ्याकडे. विष कोण ठेवतंय ते शोध. नाहीतर अहवालात काय लिहायचं — इथे घुबडं होती?"

नगरपालिका चौक राखीव करायला तयार आहे, पण घुबडं उरली तर! आणि विष ठेवणारा सापडला तर त्याला तुरुंग.

२८ नोव्हेंबर

आमच्याच गल्लीपासून सुरुवात केली. दार उघडलं की आधी चमचाभर मुरंबा, पाण्याचा पेला, मग बोलणं. "घरात उंदरांचं औषध ठेवता का?"

"छे ग! आम्ही कशाला?" — आणि लगेच बाबांची चौकशी. "रादोवान म्हणजे देवमाणूस!" मिलेवाकाकूंनी तर पिशवीत सॉसेज कोंबलं. प्रत्येकाच्या माळ्यावर मक्याच्या राशी, आणि औषध कुणाकडेच नाही! सगळे इतकं गोड बोलले की मला भीतीच वाटली.

४ डिसेंबर

आणखी एक घुबड. ओग्न्येन भडकला. "तुझी माणसं खोटं बोलतायत!"

"ती मला लहानपणापासून ओळखतात!"

"तेच तर! घुबडांना तुझी भीड नाही."

७ डिसेंबर

बाबांची नखं गुलाबी. म्हणाले, "बीट सोललं." घरात बीट नाही. पुढे विचारलं नाही मी.

१० डिसेंबर

मिलेवाकाकूंना पकडलं. आधी आढेवेढे, मग म्हणाल्या, "तुझ्या तोंडावर कोण सांगणार, पोरी? आम्हा म्हाताऱ्यांना शिडी चढवते का? रादोवानच चढतो. गहू दळतो, औषध कालवतो, घरोघरी डबे भरून येतो. पैसे घेत नाही, पेलाभर राकियाची दारू घेतो फक्त. त्याला तुरुंगात घालायचंय का तुला?"

काखेत कळसा, तो हा! आणि गावाला वळसा घालायला मला नगरपालिका पगार देते.

आता मी काय करू? नाव लिहिलं तर बाबा जातात, नाही लिहिलं तर घुबडं. ओग्न्येनला काही बोलले नाही. १९ तारखेला आमच्या घराण्याच्या संताचा दिवस. तो होऊ दे, मग बाबांशी बोलते.

१३ डिसेंबर

बोलले नाही. आणखी एक घुबड.

१९ डिसेंबर

संत निकोला. या दिवशी कुणाला बोलवावं लागत नाही, अख्खी गल्ली येते. मेणबत्ती, पाव, आणि दारातच प्रत्येकाला चमचाभर गोड गहू. आई गेल्यापासून गहू बाबाच करतात — शिजवतात, दळतात, साखर-अक्रोड घालतात. कुणाला हात लावू देत नाहीत.

मिलेवाकाकू म्हणाल्या, "रादोवान, यंदा गव्हाला रंग काय सुरेख आलाय!" बाबा खूश. ओग्न्येनही आला, त्याने दोन चमचे खाल्ले. मी दिवसभर चुलीपाशी. माझ्यापर्यंत वाडगा आला तेव्हा रिकामा होता.

बाबा किती हसत होते! आज कसं बोलणार त्यांच्याशी?

२१ डिसेंबर

मिलेवाकाकूंनी वाखाणलेला तो रंग डोक्यातून जाईना. मागच्या खोपटात गेले. आईचं दळायचं यंत्र फडताळात होतं. खोलून पाहिलं. स्क्रूच्या आट्यांमध्ये गुलाबी चिकटलेलं.

बाबांना तिथेच ओढत आणलं. "दोन्ही गहू यातच दळलेत?"

"धुतलं होतं की मी!" म्हणाले. मग खाली बसले.

दवाखान्यात धावले. डॉक्टर म्हणाल्या, रक्त न गोठण्याचा त्रास तीन-चार दिवसांनी दिसतो. इंजेक्शन आहे, पुढे कित्येक आठवड्यांचे उपचारही आहेत. पण सगळ्यांना आणा, आणि रक्त येत असेल त्यांना आधी. बाबांना आणि ओग्न्येनला मी लगेच नेलं. बाबा वाटभर एवढंच म्हणत होते, "गल्लीत सांगू नकोस ग."

२३ डिसेंबर

सांगितलं. पुन्हा दारोदार फिरले, काहीही न लपवता. यंत्र, विष, इंजेक्शन — सगळं. "कुठून रक्त येतंय का?"

चमचाभर मुरंबा. पाण्याचा पेला. "छे ग!"

मिलेवाकाकूंनी माझा गाल कुरवाळला. "रादोवानच्या गव्हाने कधी कुणाला काही झालंय का? त्याला म्हणावं, घाबरू नकोस." आणि हसल्या.

दात लाल होते.