घंटेच्या अलीकडे

खंडाळा,
ता. ८ सप्टेंबर १९४३

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी, महिपतीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही दोघे ठीक आहोत. पावसाने अंबूचे गुडघे धरले आहेत, तोंड मात्र मोकळे आहे, तेव्हा काळजी नसावी.

पत्रास कारण की या वयात मला नवे खूळ लागले आहे. बंगल्याचे साहेब यंदा मुंबई सोडून येणार नाहीत. त्यांचा निरोप आला की दिवाणखान्यातला रेडिओ रोज थोडा वेळ लावत जा, नाहीतर घाटाच्या ओलीने आतून बुरशी धरेल. लावला. मुंबईची गाणी लागली, अंबू खूश झाली. पण स्टेशनातले तारमास्तर हौशीराम म्हणाले की खरी गंमत शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर आहे. तिथे सातासमुद्रापलीकडची स्टेशने सापडतात, मात्र दिवस कलल्यावर, आणि काटा केसभरच सरकवला तर. पहिले काही दिवस मला कढईत मोहरी तडतडावी तसे ऐकू आले, नाहीतर नुसत्या शिट्ट्या. मग हौशीरामांनी छपरापासून जांभळीच्या शेंड्यापर्यंत तार ताणून दिली, तेव्हा कुठे माणसे बोलू लागली.

आता मुद्द्याचे. जपानकडचे एक स्टेशन दिवेलागणीला त्यांच्या कैदेतल्या आपल्या शिपायांची नावे वाचते. आधी जे जिवंत आहेत त्यांची. मग एक घंटा होते, आणि पुढे छावणीत वारले त्यांची. मला इंग्रजी येत नाही, पण नावाला इंग्रजी कशाला लागते? सिंगापूर पडल्यापासून माझ्या भाच्याचा, आपल्या मारुतीचा पत्ता नाही, सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढेच. मी रोज ऐकणार आहे. घंटा झाली की बटण बंद करतो. तिच्या पलीकडचे ऐकायला माझी छाती होत नाही.

हे स्टेशन चारचौघांत लावायला मनाई आहे, म्हणून पत्र हौशीरामांच्या माणसाहाती पाठवत आहे. उत्तरही त्याच्याच हाती द्यावे. आक्काला नमस्कार. माझ्यावर रागावत असता तसेच रागावत राहावे, त्यात माया असते हे मला ठाऊक आहे.

आपला,
महिपती

*

आंबी,
ता. २० सप्टेंबर १९४३

चि. महिपतीस दत्तोबाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या आक्काला वाचून दाखवले. दाखवायला नको होते असे आता वाटते. तेव्हापासून रतन सारखी विचारते की आज काही कळले का, जणू खंडाळा परसात आहे.

मी जन्मभर मास्तरकी केली, रेडिओच्या खोक्यावर माझा विश्वास बसत नाही. मारुतीला देहूरोडच्या लष्करी डेपोत ड्रायव्हर म्हणून मीच चिकटवला. घराजवळ राहील, रविवारी घरची भाकरी खाईल, एवढाच हिशेब होता. सरकारने लॉरी आणि ड्रायव्हर दोन्ही उचलून बोटीत घातले. मी आता वाट पाहत नाही, महिपती. वाट पाहिली की घास उतरत नाही, आणि घरात जेवते माणूस एक तरी हवे.

तरी सुनेला पाठवत आहे. अंबूच्या गुडघ्यांना मदत होईल, आणि सरूचे कान तिखट आहेत. गोठ्यात वासराने दावे ओढले तर हिला माजघरात कळते. तुझ्या कानांबद्दल मी काही लिहीत नाही, तुझ्या लग्नात तू वाजंत्री थांबल्यावरही नाचत होतास. एक ध्यानात ठेव. ती नवऱ्याचे नाव तोंडाने घेणार नाही. गावच्या मारुतीलासुद्धा ती शेंदूरवाला देव म्हणते. नाव घेतले की धन्याचे आयुष्य कमी होते, असे तिच्या आईने शिकवले आहे. तेव्हा कान तिचे असले तरी लक्ष तू दे.

अंबूला आशीर्वाद. तुझाही लोभ आमच्यावर आहे, तो या खुळापायी आटू देऊ नकोस.

तुझा,
दत्तोबा

*

खंडाळा,
ता. १७ ऑक्टोबर १९४३

तीर्थरूप दाजींस महिपतीचा साष्टांग नमस्कार, आणि आज लोटांगणही.

दाजी, आपला मारुती आहे! नाव आले!

सांगतो. सरूचे बोट माझ्यापेक्षा हलके, म्हणून काटा फिरवायचे काम मी तिलाच शिकवले. रेडिओ लावायचा, आतले दिवे तापू द्यायचे, मग शिट्टी बारीक होत होत विरते तिथे थांबायचे. चार दिवसांत ती माझी गुरू झाली. तिकडचा नावे वाचणारा गडी मोठा मजेचा आहे. त्याला 'ती' म्हणता येत नाही, 'ची' म्हणतो. तुमच्या शाळेत असता तर छड्या खाऊन मोठा झाला असता.

काल सांजेला वारा सुटला आणि तार जांभळीवरून निसटली. ऐन नावांच्या वेळी सगळी खरखर. मी बाहेर धावलो आणि बांबूच्या टोकाला तार गुंडाळून ती वर धरून उभा राहिलो. सरूने खिडकीतून हात केला की आता साफ येतेय, तशीच धरा. हात भरून आले तरी धरली. आत आलो तर ती रेडिओपाशी बसलेली. म्हणाली, शेंदूरवाल्या देवाचं नाव आलं, मामा, 'ची' म्हनला त्यो. आबांचं बी आलं, गावाचं बी.

मी नाचलो, दाजी, आणि या खेपेला वाजंत्रीही चालू होती, रेडिओवर बँड लागला होता. अंबूने गुडघे विसरून देवापुढे साखर ठेवली. सरू एकसारखी रडत होती. पोरीने किती दिवस कोंडून ठेवले होते! आता घरी जायचे म्हणते, उद्या तळेगावपर्यंत आणून सोडतो.

आक्काला सांगा, गूळ वाटा. असाच आशीर्वाद डोक्यावर असू द्यावा.

आपला,
महिपती

*

आंबी,
ता. २ नोव्हेंबर १९४३

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद.

रतनने गूळ वाटला. भावाने आठवण काढली म्हणून वाटतेय, असे लोकांना सांगितले. मागच्या दिवाळीला आमच्या घरी कढई चढली नव्हती, यंदा चढली. मी वाट पाहत नाही असे तुला ऐटीत लिहिले होते, ते मागे घेतो. पाडव्याला मी मारुतीच्या ताटाभोवती रांगोळी काढू दिली, आणि मला रडू आले. म्हातारपणी माणूस किती लवकर फसायला तयार होतो बघ.

सरूचे मात्र मला कळत नाही. कामाला ती कधीच मागे नव्हती, आताही नाही. पण बोलत नाही. रतनने मारुतीची गोष्ट काढली की उठून पाण्याला जाते. रतन म्हणते, दृष्ट लागेल म्हणून भिते आहे. असेलही.

तू नाव स्वतःच्या कानांनी ऐकलेस ना? एवढे मला उलट टपाली कळव. बाकी मजकूर लिहू नकोस, पोस्टाने आलेले पत्र कोण उघडते सांगता येत नाही. अंबूच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक द्यावा. आमची आठवण ठेवतोस तशी ठेवावी.

तुझा,
दत्तोबा

*

खंडाळा,
ता. २५ नोव्हेंबर १९४३

तीर्थरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

उलट टपाली लिहायला सांगितले होते, माझा हात धजेना. शेवटी हौशीरामांचा माणूस तळेगावला निघाला, त्याच्याकडे देत आहे.

मी ऐकले नाही, दाजी. मी जांभळीखाली होतो. आणि तो बँड. परवा हौशीराम सहज बोलले की तिकडचे लोक सगळ्यात शेवटी, वारलेल्यांची नावे संपल्यावर बँड लावतात. तो मी कधी ऐकलाच नव्हता, कारण मी घंटेलाच बटण बंद करतो. त्या दिवशी बंद करायला मी आत नव्हतो. मी तिला विचारलेसुद्धा नाही की नाव घंटेच्या अलीकडे आले की पलीकडे. माझ्या डोक्यात ऐकणे म्हणजे अलीकडचेच ऐकणे.

कदाचित अलीकडचेच असेल. आपण तिला विचारावे. किंवा विचारू नये. रोज ऐकतो आहे, नाव पुन्हा आले नाही. अंबू माझ्याशी बोलत नाही, यावरून काय ते समजावे. रागवा, पण तोडू नका.

आपला,
महिपती

*

आंबी,
ता. २० जानेवारी १९४४

चि. महिपतीस आशीर्वाद.

मी तिला विचारले नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज टाळायचो. रतनला तुझे पत्र आले हेही कळू दिले नाही.

संक्रांतीला रतनने हळदीकुंकू केले. दोन वर्षे हे घर कुठल्या सवाष्णीने पाहिले नव्हते, यंदा तिने हौसेने सगळी आळी बोलावली. बायकांनी सरूला उखाण्यात नाव घ्यायला धरले. ती नको म्हणत होती. झुंबरबाई दारात आडवी उभी राहिली, नाव घेतल्याबिगर सोडायची न्हाई म्हणाली. मी ओसरीवर होतो, मला सगळे ऐकू येत होते. सरूने उखाणा घातलाच नाही. हजेरी घेतात तसे नुसते म्हणाली, मारुती. मग पुन्हा एकदा, मारुती. बायका हसल्या, असं कोरडं न्हाई चालायचं म्हणाल्या. तिने कुंकवाचा करंडा रतनच्या हातात दिला आणि कपाळ पुढे केले नाही. रतन मटकन खाली बसली.

मग मी विचारले. म्हणाली, घंटंनंतर आलं, आबा. नाव आलं म्हनताच मामा नाचाय लागले, त्यास्नी कसं सांगायचं? घरी आले तर तुमी गूळ वाटलेला. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी व्हतं म्हंत्यात, आता कमी व्हायाला काय ऱ्हायलंय?

इतके दिवस ती हे एकटीने घेऊन आमच्यासाठी करंज्या तळत होती. मला माझी लाज वाटते आणि तिच्याकडे बघवत नाही.

तुझ्यावर राग नाही. साफ ऐकू यावे म्हणून तू तार धरलीस, आणि साफ ऐकू आले. रतन म्हणते, ज्याला 'ती' म्हणता येत नाही त्याने वाचलेल्या नावाचा काय भरवसा, महिपतीला म्हणावे ऐकणे सोडू नको. मी तिला काही बोलत नाही. तिच्यासाठी तू ऐकत जा.

सरू आणखी एक म्हणाली. घंटा झाली तेव्हा मामा हितंच बंद करत्यात हे तिला ठाऊक होते. तिने होती नव्हती ती सगळी बटणे फिरवून पाहिली, तो आवाज मोठाच होत गेला. शेवटी तिने खोक्यावर पदर टाकला, तरी ऐकू आले. लावायला तू तिला शिकवलेस, महिपती. बंद करायला शिकवायचे राहून गेले.

अंबूला आशीर्वाद. लोभ असू दे.

तुझा,
दत्तोबा