नऊशे ऐंशी किलोमीटर आणि आपलं गेट

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय नंदू,

आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू नुसती 'हं, हं' करतेस, म्हणून लिहिते आहे.

काल माळ्यावरून भारताचा जुना नकाशा काढला. तू दिल्लीला नोकरीसाठी निघालीस तेव्हा त्यावर दोरा ताणून मी अंतर मोजलं होतं. सरळ रेषेत नऊशे ऐंशी किलोमीटर. तू मोबाइलमध्ये पाहून म्हणालीस, "आई, दोरा बरोबर आहे गं!" तीस वर्षं भूगोल शिकवला, बरोबर येणारच. रेल्वेनं जवळजवळ अख्खा दिवस जातो, विमानानं एक तास पंचावन्न मिनिटं. चिकलठाण्याच्या विमानतळावरून तुझं विमान उडालं की मी घड्याळ बघते आणि तेवढ्या वेळानं फोन लावते. तू वैतागतेस, "अगं, अजून दार तरी उघडू दे!"

तीन वर्षांपूर्वी दिल्लीहून इथल्या शेंद्र्याच्या कारखान्यात एका दिवसाच्या कामाला आली होतीस, तेव्हा तू मधेच चाळीस मिनिटांसाठी घरी आलीस. मी तुला फाडकन बोलले. "हे घर आहे, एसटी स्टँड नाही. यायचं तर मुक्कामाला ये, नाहीतर येऊ नकोस." तू अर्धा चहा ठेवून उठलीस. निघताना हातावर दही ठेवायचं, तेही मी रागात ठेवलं नाही. तेव्हापासून तू दिवाळीत मोजून चार दिवस येतेस. मला वाटत होतं, बरी शिस्त लागली पोरीला.

परवा भाजी घेताना मुनीब भेटला. माझा दहावीचा विद्यार्थी, आता टॅक्सी चालवतो. पन्नाशीला आला तरी कान धरूनच पुढं आला. "मॅडम, नंदूताईनं शपथ घातली होती, पण मला राहवंना. मागच्या मंगळवारी शेंद्र्याहून एअरपोर्टला मीच सोडलं त्यांना. मधीच म्हणाल्या, आधी सिडकोत, घराकडं घे."

मंगळवारी संध्याकाळी आपल्या गेटसमोर एक पांढरी गाडी दहा मिनिटं उभी होती. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. मीच वरून ओरडले, "अहो, हे काय पार्किंग आहे? काढा ती गाडी!" आणि गाडी गेली. मुनीब सांगत होता, तू काचेतून वर बघत होतीस, मी ओरडल्यावर हसलीस. "आई मजेत आहे, चल," एवढंच म्हणालीस.

दिल्लीहून माझ्या गेटपर्यंत आलीस, आणि मी तुला हाकललं.

नंदू, तो मुक्कामाचा नियम मी मागं घेते. तो चुकीचा होता. दहा मिनिटांसाठी ये, पाच मिनिटांसाठी ये. मुनीबवर रागावू नकोस. गाडी गेटसमोरच लावायची, असं मी त्याला बजावून ठेवलं आहे. विमान चुकवायचं नाही. उतरायला वेळ नसेल तर नुसता हॉर्न वाजव, मी वाटी घेऊन खाली येते. हातावर दही गाडीच्या खिडकीतूनही ठेवता येतं.

तुझीच,
आई