मठाच्या बागेतला केवडा कुणाचा

मी इनास जुवांव परेरा, वय अदमासे बहात्तर, धंदा अत्तरे व सुवासिक पाणी काढणे, राहणार ठाणे, खाडीकाठची पडकी मठवाडी, असे लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. कोणाच्या धाकाने वा कोणी दारू पाजल्यामुळे हे लिहवीत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी खोटे सांगितले होते.

कलम १. राहते घर, विहीर व दोन म्हशी मुलगा बेसिल यास. तो कल्याणास रेल्वेत तारबाबू आहे, गुणी आहे. पण केवडा आणि सुके बोंबील यांतला फरक त्याला कळत नाही, म्हणून अत्तराच्या भट्टीत त्याने पाऊल टाकू नये. मुलगी सेसिलिया हिला तिच्या आईचे दागिने. ते तिने आधीच नेले आहेत, त्यावरून कोणी तंटा करू नये.

कलम २. शेजारी पास्कू दिसोजा याने माझ्या भट्टीत दारू गाळतात अशी चहाडी केली होती. आबकारीचे शिपाई आले, अर्क काढायची डेग हुंगली, आणि आपापल्या बायकांसाठी गुलछबूच्या अत्तराच्या बाटल्या घेऊन गेले. पास्कूला मी माफ केले आहे. त्याला काहीही देऊ नये.

कलम ३. आमच्या बाटलीवर 'पाद्रींच्या प्राचीन पोथीवरून' असे छापलेले असते. मठाच्या पाद्रींनी ही बाग लावली, केवडा, गुलछबू, बकुळ, वाळा सारे त्यांचेच, एवढे खरे. मठाच्या ढिगाऱ्यात मला पोथी सापडली, तेही खरे. पण मला पोर्तुगीज प्रार्थनेपुरतेच येते. मी भट्टीपुढे पोथी उघडून नुसते ओठ हलवायचो, आणि गिऱ्हाइके हात जोडायची. पुढे गोव्याच्या एका पाद्रीबाबांनी ती वाचली, तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला. कोबी कधी लावावा आणि माशाच्या लोणच्यात शिर्का किती घालावा, याखेरीज तीत काही नव्हते.

मग अत्तर कोण काढत होते? आमच्या माळ्याची बायको बायजा, आता विधवा. डेगेचे तोंड कणकेने लिंपले की आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. खालची आग कधी ओढून काढायची, ते बायजा वासावरून सांगते. पहिल्या वर्षी मी पोथीच्या घमेंडीत तिचे ऐकले नाही, तर केवडा करपला आणि सबंध हंगाम पाण्यात गेला. तेव्हापासून ऐकले तिचे आणि नाव घेतले पाद्रींचे. अशी चाळीस वर्षे काढली. मला याची लाज वाटते.

कलम ४. सबब मठाची बाग, तांब्याची डेग व भट्टी बायजा हिला, पुरी मालकी हक्काने. पोथी बेसिलच्या बायकोला, लोणच्यासाठी.

कलम ५. वरील मजकूर वाचून दाखवण्यास आज बायजाला बोलावले. मला वाटले होते, रडेल. ती पदराला हात पुसत शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाग द्याची त द्या, मालक. पन बाटलीवर माजा नाव लिवा."

बेसिल मध्ये पडला. पाद्री काढले तर मुंबईचे गिऱ्हाईक तुटेल, असे त्याचे म्हणणे. तुटेल तर तुटो. ही गोष्ट मला स्वतःला सुचायला हवी होती. सबब यापुढे प्रत्येक बाटलीवर 'बायजाचा केवडा' एवढेच छापावे, आणि बाटल्यांच्या जुन्या छापील चिठ्ठ्या माझ्यासमोर आजच भट्टीत घालाव्यात.

मुक्काम ठाणे, तारीख ९ माहे फेब्रुवारी, सन १८८६.

सही: इनास जुवांव परेरा

साक्ष: काळुराम पोशा भोईर
साक्ष: तानाजी धर्मा पाटील

मजकूर लिहिणार: हरिहर विनायक टकले, शाळामास्तर

मान्य: बायजा

(टीप, लिहिणाराची: लिहिता न येणाऱ्या बाईची निशाणी म्हणून मी रिवाजाप्रमाणे बांगडीची आकृती काढली होती. ती बाईंनी खोडायला लावली. बाटलीवर नाव कसे दिसेल ते माझ्याकडून दोनदा लिहून घेतले, आणि वरील तीन अक्षरे स्वतःच्या हाताने काढली.)