तुझ्या हातांना ताक

माय,

तुझी नात गरोदर आहे. सहावा महिना. परवा धुळ्याला तिच्या स्वयंपाकघरात मी मेथी निवडत बसले होते आणि ती ओट्याशी भाकरी थापत होती. माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं, "आत्या, बाबांचं जे होतं ते माझ्या बाळात उतरेल का गं?" थापायचा आवाज थांबला होता. बाप तिला आठवतो तो जेमतेम. ती चार वर्षांची असताना माझ्या भावानं, तुझ्या लेकानं, स्वतःचा जीव दिला, त्याला आता बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत ह्या पोरीनं त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि विचारला तो असा, तव्यावर भाकरी असताना. साक्रीकडच्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून मी पस्तीस वर्षं काढली, किती बाळंतपणं केली त्याची गणती नाही, आणि तिला काय म्हणाले सांगू? म्हणाले, "काहीतरीच बोलू नको. लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना?" ती हो म्हणाली. मी जेवले आणि दुपारच्या बसने घरी आले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून तुला लिहायला बसले आहे. तू जाऊनही एकोणीस वर्षं होतील, पण ही गोष्ट तुझ्यापासून सुरू होते, निदान तू तसं मानत होतीस.

आबा गेले त्या श्रावणात तुला चौथा महिना होता. कावीळ झाली, झाडपाला झाला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मी आठ वर्षांची. दहाव्यालाच बायकांमध्ये कुणीतरी बोललं, "पोटमा ऊना नी बापले खाई ग्या." हळू बोलल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची कला आपल्याकडे काही बायकांना जन्मजात असते. तू ऐकलंस, मीही ऐकलं. सासरच्यांनी महिनाभर कसंबसं ठेवलं आणि मग दोंडाईच्याला मामाकडे पोचवलं, बाळंतपण माहेरी असतं ह्या सबबीवर. परत न्यायला कुणी आलं नाही.

मामाच्या घरी खाणारी तोंडं आधीच पुष्कळ. दिवाळी झाली, मिरच्या वाळत घालायच्या पथारी लागल्या, आणि तू कामाला जायला लागलीस. गावाबाहेर ती मैदानंच्या मैदानं लाल झालेली, तुम्ही बायका ओळीनं बसलेल्या, तोंडाला फडकी, देठ खुडताय. सातवा महिना, आठवा महिना. उन्हात बसून तुला खोकला यायचा आणि खोकताना तू पोट दोन्ही हातांनी धरायचीस. घरी आलीस की हातांची आग आग व्हायची. मामी माझ्यापुढे वाटीभर ताक सरकवायची, "माय ना हातले लाव." मी तुझे तळवे मांडीवर घेऊन ताक चोळत बसते आहे, तुझी नखं पिवळी झाली आहेत, बोटांच्या पेरांना चिरा आहेत, आणि तू भिंतीकडे बघत पोटातल्याशी बोलते आहेस, "तू काबर ऊना रे? तू नको व्हता माले." मी तिथंच होते हे तू विसरली होतीस. मला मात्र तेव्हा बरं वाटलं, माय. खरंच बरं वाटलं. मलाही तो नकोच होता.

पौषात तो जन्मला. किरकोळ, सुरकुतलेला, रडायचाही बेतानंच. पाचवीची पूजा मामीनं केली, पण उरकून टाकल्यासारखी. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून कोरा कागद ठेवला. तेव्हा तू खाटेवरून म्हणालीस, "त्याना बापनं पेन ठेवा." आबांचं शाईचं पेन तू ट्रंकेतून काढून दिलंस. त्या पेनानं आबांनी मला माझं नाव लिहायला शिकवलं होतं, मागून माझी मूठ धरून. मामीनं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, कागदावर ठेव. मी पाट्याशी गेले, वाकले, आणि पेन परकराच्या नेफ्यात खोचून उठले. ज्यानं आबांना खाल्लं त्याला आबांचं पेनही द्यायचं, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. सकाळी कागदावर पेन नाही म्हणताच घरात गहजब झाला. मामी म्हणाली, "बिनलिखेल राह्यना पोऱ्या." तू खाटेवर उठून बसलीस, सगळं घर शोधायला लावलंस, मलाही शोधायला लावलंस, आणि मीही शोधलं. धान्याच्या कोठीमागेसुद्धा वाकून बघितलं. ते पेन आज माझ्या कपाटात आहे.

सव्वा महिना होताच तू पुन्हा पथारीवर गेलीस. संध्याकाळी यायचीस तेव्हा तो भुकेनं कासावीस झालेला असायचा, पण तुला आधी हात धुवायचे असायचे, ताक लावायचं असायचं, पुन्हा धुवायचे असायचे. तरीसुद्धा एकदा तुझं बोट त्याच्या डोळ्याला लागलं आणि तो असा किंचाळला की मामा ओट्यावरून धावत आला. त्यानंतर तू त्याला हातानं गोंजारलं नाहीस. पदर गुंडाळून घ्यायचीस, पाजायचीस, आणि माझ्याकडे द्यायचीस. तोंड पुसायचं, काजळ घालायचं, थोपटायचं ते मी. त्याला माझी इतकी सवय झाली की तो मला अक्का म्हणायला आधी शिकला आणि तुला माय म्हणायला नंतर. मीही त्याच्यावर माया करायला लागले, नाही असं नाही. अंगावर मूल झोपलं की राग फार दिवस टिकत नाही.

तो मोठा झाला तेव्हा किती सालस होता ते तुला मी काय सांगणार. भांडला नाही, काही मागितलं नाही. धुळ्याला विहिरीतल्या पाणबुडी मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, तांब्याची तार अशी भरायचा की दुसरे कारागीर बघायला यायचे. लग्न झालं, मुलगी झाली. ती झाली तेव्हा त्यानं तिला हातात घेण्याआधी साबणानं तीन वेळा हात धुतले होते. आम्ही हसलो होतो. तू हसली नव्हतीस.

त्याच्या शेवटच्या महिन्यात तो माझ्याकडे आला होता. हे तुला माहीत नाही. लसीकरणाचा दिवस, ओट्यावर पोरांची रडारड, आणि हा एस.टी.तून उतरून दारात उभा. म्हटलं, काय रे, काही काम? म्हणाला, "काही नही, असाच ऊनू." मी एका हातानं कार्डं भरत होते. तो बाकावर बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "अक्का, झोप लागस नही. पोर हसस, तरी माले काहीच वाटस नही." मी त्याच्याकडे बघितलं. वाळला होता. मी म्हणाले, उन्हातान्हात जेवणाच्या वेळा पाळत नाहीस, अशक्तपणा आहे. कपाटातून ताकदीच्या लाल गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. "रोज एक, जेवणानंतर." तो बरं म्हणाला आणि पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं. मग खुर्चीवर चढून त्यानं माझा करकरणारा पंखा उघडला, तेल सोडलं, नीट केला, चहा घेतला आणि गेला. नऊ दिवसांनी निरोप आला. त्याच्या घरी खुंटीवर तो शर्ट होता, आणि खिशातलं पाकीट न उघडलेलं.

तेराव्याला तू माझ्याजवळ येऊन बसलीस. सगळे जेवून गेले होते. तू म्हणालीस, "मी त्याले पोटमा व्हता तवय नको म्हनेल व्हतं. त्यानी ते आयकी लिधं." मग म्हणालीस, "त्याना बापनं पेनबी त्याले भेटनं नही." माझ्या आत जे भरलं होतं त्याला कुठंतरी जायचं होतं, माय. मी म्हणाले, "तू त्याले कव्हय जवळ तरी लिधं का?" तू तळहात उघडून बघितलेस, पदराला पुसलेस, पुन्हा बघितलेस. नंतर तीन वर्षं जगलीस, आणि त्या तीन वर्षांत किती वेळा तुला तसे हात पुसताना पाहिलं ते मी मोजलं नाही.

तू गेल्यावर दोनेक वर्षांनी आम्हाला धुळ्याला एका प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून कितीतरी लहान. त्या सांगत होत्या, मूल पोटात असताना आईवर दुःख कोसळलं, तिची उपासमार झाली, मूल नको असताना आलं, लहानपणीच बाप गेला, तर काही मुलांच्या वाट्याला पुढे मनाचं ओझं जास्त येऊ शकतं, जीव नकोसा होण्याचा धोकाही वाढू शकतो. मी वहीत लिहीत होते. मॅडम आपल्याच घराबद्दल बोलत आहेत असं वाटत होतं. मी हात वर केला, "म्हणजे दोष आईचा?" त्या म्हणाल्या, "सिस्टर, जे आईवर आलं ते आईनं केलं असं कसं म्हणता? आणि धोका म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. अशी कितीतरी मुलं चांगली जगतात. एकाच गोष्टीनं कुणी जीव देत नाही. अशा माणसाची झोप उडते, त्याला कशातच काही वाटेनासं होतं, तेव्हा त्याला विचारायचं, ऐकून घ्यायचं, दवाखान्यात न्यायचं. उपचार असतात." जेवणाच्या सुट्टीत मी नळावर जाऊन तोंड धुतलं, दोनदा धुतलं. झोप उडते. कशातच काही वाटेनासं होतं. तो तर मला शब्दन् शब्द सांगून गेला होता.

त्यानंतर दर गरोदर बाईला मी विचारायला लागले, झोप लागते का, घरी कुणाशी बोलतेस. सासू आधी उत्तर द्यायची, "बठ्ठं बरं शे." मी सासूला बाहेर बसवायचे आणि पुन्हा विचारायचे. काही रडायच्या, काही हसून न्यायच्या. त्यातल्या दोघीतिघींना मी स्वतः सोबत घेऊन धुळ्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. लोक म्हणायचे, नर्सबाई फार चौकशा करते. मी मनात म्हणायचे, म्हणू देत. लोकांच्या लेकीसुनांना विचारायला मला कधी जड गेलं नाही.

आणि परवा घरच्याच पोरीनं विचारलं तेव्हा मी पुन्हा गोळ्याच पुढे केल्या. बावीस वर्षांनी, तेच. तिची आई अजून म्हणते, ते गेले त्या सकाळी मी त्यांना डबा करून दिला नाही म्हणून. तू म्हणायचीस, मी नको म्हटलं म्हणून. मी मनात पेन धरून बसले. माय, पेनाची कबुली द्यायला मला इतका वेळ लागला ह्याचं कारण आता लिहिता लिहिता कळतंय. आठ वर्षांच्या पोरीचा गुन्हा उराशी धरून बसणं सोपं होतं. एकोणचाळीस वर्षांच्या बाईकडे भाऊ आला होता, तिला सगळी अक्कल होती, आणि तिनं कार्डं भरायची थांबवली नाहीत.

उद्या सकाळच्या गाडीनं मी धुळ्याला जाते आहे. तिला सांगणार आहे की बाळात काय उतरेल ते मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नसतं, पण तिचा बाप आजारी होता आणि त्यानं ते मला सांगितलं होतं. मग तिला विचारीन, तुला झोप लागते का गं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसेन. ती रागावली तर रागावू दे. बाळाच्या पाचवीला मला बोलावलं तर आबांचं पेन पाट्यावर ठेवीन. सटवाईवर माझा विश्वास उरलेला नाही, पण ते पेन त्या घरातल्यांचं आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, पेनाशेजारी कपाटात ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं. तेराव्याला मी तुला विचारलं ना, तू त्याला कधी जवळ तरी घेतलंस का? का घेत नव्हतीस ते मला तेव्हाही माहीत होतं, माय. तुझ्या हातांना ताक मीच लावत होते.