माझी बंदूक, ह्यांचे कान

९ नोव्हेंबर, शनिवार
रेंज. एअर रायफल, ४० छर्रे, ४०० पैकी ३१२. लाज.
रेंज चालवणारे अण्णा, रिटायर सुभेदार, मागं उभे होते. म्हणाले, "मॅडम, चाप ओढायच्या आधीच डोळा मिटताय तुम्ही." मिटणार न्हाय तर काय! छर्रा सुटला की बंदुकीतली स्प्रिंग टिण्ण्ण करून कानाशी वाजत राहते. ती वाजणार हे माहीत असतं, म्हणून डोळा आधीच पळ काढतो.
राज्याच्या स्पर्धेची निवड १५ डिसेंबरला. पंचेचाळीसच्या वरच्या बायकांत जिल्ह्यातून दोघीच घेणार. अण्णा म्हणतात ३४० तरी पायजेत. खानापूरच्या पोस्टात शिक्के मारणारी सत्तेचाळीस वर्षांची बाई, जन्मात पहिल्यांदा कशात तरी निवडून यायची वेळ आली, अन् एक स्प्रिंग आडवी.

१० नोव्हें.
ह्यांना सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, टीव्हीपुढं होते. कळल्यावर मात्र ताडकन उठले. "स्प्रिंग? मग आधी न्हाय सांगायचं? तीस वर्षं काढली मागावर. वडगावात एक पावरलूम दाखव ज्याला माझा हात लागला न्हाय."
खरंय ते. फिटर म्हणून नाव आहे ह्यांचं. पण ही बंदूक आहे, माग न्हवे, असं म्हटलं तर म्हणतात, "स्प्रिंग ती स्प्रिंग."

१३ नोव्हें.
ह्यांना मागाला तेल पाजायची सवय. बंदुकीला पण पाजलं. पिस्टनच्या पुढं, मागं, सगळीकडं, नवसाचं असल्यागत.
परसात वाळूच्या पोत्यावर पहिला छर्रा मारला. धडाम! नळीतनं धूर. वडे तळल्याचा वास. शेजारची आक्का "सिलिंडर गेला काय गं?" म्हणत पदर खोचून बाहेर. अण्णांना फोन केला तर हसून हसून बेजार. पिस्टनच्या पुढं तेल घालायचंच नसतं म्हणे, ते आत पेटतं.
हे म्हणाले, "बिनतेलाची मशीन मी तरी न्हाय बघितली." अन् रुसले. संध्याकाळी तेल सुटलेली वांगी केली, तेव्हा कुठं बोलले.

१७ नोव्हें.
स्प्रिंगच्या मागं चार वायसर घातले. आवाज थोडा दबला, पण स्प्रिंग अशी आवळली की बंदूक ताणायला गुडघा लावावा लागतोय. धक्का तर विचारू नका. आधी मागं ढकलते, मग पुढं ओढते, गतिरोधकावरची एसटी. २९८. घरी ३१० सांगितलं. उद्या उजवा हात वर जाईल असं वाटत न्हाय. शिक्के डाव्या हातानं...

२४ नोव्हें., रविवार
निपाणीला आईकडं जाऊन तसंच पुढं कोल्हापूर, नवी स्प्रिंग आणायला. येताना कोगनोळी नाक्यावर बस थांबवली. पोलिसानं ह्यांच्या मांडीवरची पिशवी बघून विचारलं, "एनु इदु?" काय आहे हे म्हणून. हे नुसते हसले. त्यानं परत विचारलं, परत हसले. पोलीस चिडला, म्हणाला मस्करी करतोस काय. मीच मध्ये पडले. मागाचे फिटर आहेत साहेब, स्प्रिंग आहे ती.
बसमध्ये लई बोलले मी ह्यांना. कन्नड काय येत न्हाय तुम्हाला? जन्म गेला बेळगावात. हे खिडकीबाहेर बघत बसले.

२८ नोव्हें.
आज जमलं! मागात धोट्याला धक्का देणारा नायलॉनचा तुकडा असतो, पिकर. तसल्या नायलॉनचा दांडा ह्यांनी लेथवर कातून आणला. स्प्रिंगच्या पोटात घट्ट बसतो, तिला आत थरथरायला जागाच न्हाय. स्प्रिंगची दोन्ही तोंडं पॉलिश पेपरवर घासून काचेगत केली. वायसर काढले. ग्रीस फक्त बोटाच्या टोकाएवढं, तेही मागंच.
पाच छर्रे मारले. काय सांगू! धक्का आहे, पण शहाणा झालाय. एकच, सरळ, खांद्यात मऊ. ह्यांची पापी घ्यावीशी वाटली, पण आक्का कपडे वाळत घालत होती.
आवाज होता. आधीपेक्षा बारीक, पण उंच. टिण्ण. सांगायला तोंड उघडलं तोवर हेच म्हणाले, "गेला की गं! टिपूसभर न्हाय राहिला." दोन हातांवर उभे होते माझ्यापासून. तोंडावर असा आनंद, लग्नात पण न्हवता.
मी म्हटलं, "व्हय. गेला."

३० नोव्हें.
दोन दिवस एकेक आठवतंय. कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हटलं की डाळ करपायची. मोबाईल खिशात वाजत राहायचा. नाक्यावरचा पोलीस. अन् मी? दोन वर्षं भांडतेय, "मुद्दाम ऐकत न्हाय तुम्ही." एकदा तेवढ्यावरनं आठ दिवस अबोला धरलेला. माझी मती कुठं गेलती? तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, अन् मी त्याला बेपर्वा म्हटलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.
रेंजवर अण्णांनी एका छर्‍यात ओळखलं, "आवाज आहे की अजून." मग सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "आमच्या पलटणीत निम्मे तसलेच. कान गेले हे आधी बायकोला कळतं, मग गावाला, शेवटी नवऱ्याला. होगली बिडी, जाऊ द्या मॅडम, माझ्या तोंडातनं न्हाय जायचं."
३२६. धक्क्यामुळं सुधारले. डोळा मिटतोच आहे.

४ डिसें.
ह्यांनी गल्लीभर सांगितलंय, बायकोची बंदूक मुकी केली म्हणून. रेंजवरच्या दोघांनी आपापल्या बंदुका आणून ठेवल्या, आमची पण करून द्या. आता हे "गेला आवाज" म्हणून परत देणार, अन् ते तोंडावर सांगणार, कुठं गेलाय? खोटं एकच बोलले, पण त्याला पिल्लं किती.
कानात कापूस घालून बघितला. उपयोग न्हाय. गाल दस्त्याला टेकलेला असतो, हाडातनं येतो आवाज.
सांगू तर माणूस खचणार. न्हाय सांगितलं तर माझे १५ तारखेला...

७ डिसें., शनिवार
हे रेंजवर आलते. मी म्हटलं, "एवढी खोललीत, एकदा मारून तरी बघा." मुद्दाम म्हटलं का? माहीत न्हाय. म्हटलं असेल.
गाल टेकवला, मारली. छर्रा टार्गेट सोडून फळीवर. डोकं वर केलं न्हाय. परत मारली. परत. मग बंदूक खाली ठेवून गालावर हात धरून बसले.
"दातात येतंय."
"काय?"
"टिण्ण. दातात येतंय. कानात न्हाय."
अण्णा उगीचच पलीकडं जाऊन कोरी टार्गेटं मोजायला लागले. येताना स्कूटरवर मी मागनं घट्ट धरलं ह्यांना. 

९ डिसें.
दोन दिवसांनी आज तोंड उघडलं. जेवताना.
"तू गेला म्हणालीस."
"व्हय."
"मला माहीत आहे गं. मागावर दोन वर्षं स्क्रूड्रायव्हर दातात धरून ऐकतोय मी. कामावरच्यांना वाटतं उस्तादाची कला आहे. पण एवढं गेलं असंल असं न्हवतं वाटलं."
मग मला का न्हाय सांगितलं? तर म्हणतात, "तू फिटर बघून लग्न केलंस. बहिरा बघून न्हवे."
असला राग आला! पातेलं आपटलं ओट्यावर. "हे ऐकू आलं का?"
"आलं."
"मग जेवा गुमान."
दोघंही हसलो. मग मी रडले, ह्यांनी पाणी दिलं. लई जीव आहे माझा ह्या माणसावर. तोंडावर सांगणार न्हाय, चढून बसेल.
कानाच्या डॉक्टरकडं यायला तयार झाले. ते पण माझ्या निवडीआधीच. म्हणे, तेवढा घोर नको तुझ्या डोक्याला.

११ डिसें.
रजा टाकली. दिवसभर परसात चादर पसरून बसलो. मी मारायची अन् सांगायचं, मागनं येतोय, पुढनं येतोय. ह्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक दस्त्याला टेकवायचं, मूठ दातात. पिस्टनच्या आत पातळ प्लास्टिकची गुंडाळी बसवली, काढली, कापली, परत बसवली.
"गेला?"
"न्हाय."
"आता?"
"न्हाय हो."
पूर्वी दोनदा न्हाय म्हटलं असतं तर स्पॅनर फेकून उठले असते. आज दहा-बारा वेळा तरी म्हटलं. शेवटी एवढासाच राहिला, असला तर असला, नसला तर नसला, मलाच ठरवता येईना. तसं सांगितलं. म्हणाले, "बरं. खरं सांगतेस न्हवं, मग चालंल."
त्या दोघांच्या बंदुका परत पाठवल्या. चिठ्ठी ह्यांनीच लिहिली, आमच्या मालकिणीचे कान मोकळे झाले की करून देऊ.
संध्याकाळी रेंज. ३३५.

१४ डिसें., शनिवार
कानाची तपासणी. ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. तपासणाऱ्या पोरीनं सांगितलं, आवाज आला की दाबायचं. मी बाहेर काचेला नाक लावून.
ती बटण फिरवत होती, वर, अजून वर. ह्यांचा अंगठा नुसता ठेवलेला. चाप ओढताना धरते तसा श्वास धरला मी. दाबा की हो. दाबा. कितीतरी वेळानं दाबलं, अन् लगेच माझ्याकडं बघितलं, दहाचा मारल्यागत. मी पण मान हलवली, शाब्बास. पोरीच्या कागदावरची रेघ खाली खाली चाललेली मला दिसत होती. ह्यांना दिसत न्हवती.
डॉक्टर सोमवारी भेटणार. मशीन लावायचं का, मागावर जायचं का, सगळं तेव्हा.
उद्या नऊला निवड. हे येणार आहेत. बघणाऱ्यांना मागं बसवतात, पण ह्यांनी अण्णांकडनं बाजूच्या दाराशी जागा मागून घेतलीय. असं का म्हणून विचारलं.
"मागनं तुझी पाठ दिसती. मला तोंड बघायचंय. डोळा उघडा राहिला तर समजंन, आवाज गेला."
आता मिटायची सोयच न्हाय.