अकरा अंगठे

मावशीला मी अंगठाछाप केलं, आई. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मागच्या दोन खेपांसारखं इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून जाईन ती जाईनच. मावशी म्हणजे समोरच्या ओळीतली, आपल्यापासून चार घरं पलीकडची, शहागंजात भाजीची पाटी घेऊन बसायची ती, जिला तू आपल्या स्वयंपाकघरात बसवून सही शिकवलीस. तुला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. ती अजून आहे. ऐंशी कधीच ओलांडली, कमरेत वाकलीय, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. शहराचं नाव बदललं तरी ती बसवाल्याकडं औरंगाबादचंच तिकीट मागते, आणि त्यानं दुरुस्त केलं तर 'तू तुझ्या नावानं गाडी ने, मी माझ्या नावानं उतरते' असं सुनावते. परवा रविवारी आमच्या गटाचं शिबिर आहे. नव्यानं कामाला लागलेल्यांना मी सांगायचंय, सह्यांची मोहीम कशी राबवायची. मी! तीन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं भलत्याच कपाटात लावतेय, आणि जिची माफी मागायला हवी तिच्या दारावरून मान खाली घालून जातेय.

गट म्हणजे काय, तुझ्या वेळच्यासारखाच. एक वकीलबाई, एक निवृत्त प्राध्यापक, चिकलठाण्याच्या कारखान्यांतले काही युनियनवाले, वस्तीतल्या आम्ही पाचसहा जणी. सगळे पुरोगामी, सगळ्यांना बोलायची भारी हौस. निवेदनात 'विनंती' लिहायची की 'मागणी' यावर दोन तास जातात, तीनदा चहा होतो, आणि शेवटी 'आग्रहाची विनंती' असं लिहून मंडळी घरी जातात. तू असतीस तर पहिल्याच चहाला उठली असतीस. पण या खेपेचं काम खरंच मोलाचं होतं. निवडणुकीआधी मतदान केंद्रांची कच्ची यादी लागली आणि त्यात आपल्या वस्तीचं केंद्र शाळेतून काढून जालना रोडच्या पलीकडं दाखवलेलं. तो रोड आता कसा झालाय ते तू बघितलं नाहीस. तरणीताठी माणसं जीव मुठीत धरून ओलांडतात, म्हाताऱ्यांनी काय करायचं? 'मला काय उडत नेणारेत का मत द्यायला?' असं मावशी ओट्यावरून ओरडली. तिचं आजवर एकही मतदान चुकलेलं नाही. यादीवर हरकत घ्यायला आठ दिवस होते. घरोघर जाऊन सह्या घ्यायच्या ठरल्या, आणि ते काम कुणी काही न विचारता माझ्याकडं आलं, कारण मी तुझी मुलगी.

तुझा तो वर्ग. रविवारची दुपार आहे. तू आठवडाभर कारखान्यात औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरून आलेली, बोटांना पुठ्ठ्याचे चिरे पडलेले. आपलं स्वयंपाकघर केवढं, दोघी बसल्या की तिसरीनं स्टोव्हला चिकटायचं. तू परातीत ज्वारीचं पीठ पसरतेस आणि मावशीला म्हणतेस, 'अ आ इ मागून बघू. आधी तुझं नाव.' तिच्या नावात एक जोडाक्षर आहे, त्यानं तिचा जीव खाल्लाय. ती बोटानं काढते, पुसते, स्वतःलाच शिव्या घालते, पीठ खाली सांडतं आणि मी चिडते, कारण झाडायचं मला. 'आई, अंगठा दिला म्हणून कुणाचं काय अडतं गं?' असं मी एकदा म्हणाले. उत्तर मावशीनं दिलं. 'बाळे, अंगठा कुणाचाबी सारखाच दिसतो.' उन्हाळा संपता संपता तिनं रेशनच्या दुकानात पहिल्यांदा सही केली. दुकानदार हसला म्हणे, तर तिनं त्याला पुन्हा एकदा करून दाखवली. त्या संध्याकाळी तिनं तुझ्यासाठी मेथीची अख्खी जुडी आणली, फुकट. सख्ख्या बहिणीला कधी काडी फुकट दिली नव्हती तिनं.

आणि मी खाल्लेली ती बोलणी. कारखान्यात बायकांसाठी पाळणाघर हवं म्हणून तुम्ही सह्या घेत होतात. मी कॉलेजात, मला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं, पण तू कागद माझ्या हातात देऊन गल्लीत फिरवलंस. एक म्हातारी झाडूवाली निवेदनात काय आहे ते परत परत विचारत होती. दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी तिचा हात धरला, अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवून मोकळी झाले. तू बघितलंस. भर गल्लीत तू तो कागद टराटरा फाडलास, त्यावर आधीच्या बावीस सह्या होत्या. 'हात तिचा हाय, तुझा नाय. तिला कळायला येळ लागतोय तर लागू दे. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?' मग मला घेऊन त्या बावीस घरी परत गेलीस आणि प्रत्येक दारात म्हणालीस, 'पोरीनं चूक केली, परत सही द्या.' मी रडत होते, तू साधं पाणीसुद्धा विचारलं नाहीस. लई राग आला होता मला तुझा. खरं सांगायचं तर पुढं कितीतरी वर्षं तो गेला नाही.

म्हणजे बघ, गटातल्या दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तरी मला माहीत होतं. आणि सात दिवस मी तुझ्यासारखंच केलं गं. निवेदन वाचून दाखवलं, शंका ऐकल्या, एका घरी भांडण सोडवलं, दुसऱ्या घरी भाकरी खाल्ली. एकोणनव्वद सह्या झाल्या. शेवटच्या दिवशी पाचच्या आत कागद निवडणुकीच्या ऑफिसात द्यायचा होता आणि अकरा जणी घरी नव्हत्या, बहुतेक म्हाताऱ्याच. कुणी लग्नाला गेलेली, कुणी दवाखान्यात, मावशी तर पहिल्याच दिवशी लेकीकडं दौलताबादला गेलेली. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, 'अहो, आकड्याचं काही नाही, पन्नास असत्या तरी चाललं असतं. निघा तुम्ही.' ऐकलंस? शंभर कुणी मागितलेच नव्हते. ते मला हवे होते. शंभर म्हटलं की बातमीत बरं दिसतं, प्राध्यापक मान डोलावतात. मी आपल्या त्याच स्वयंपाकघराचं दार लावलं, अकरा नावं लिहिली आणि अकराही नावांपुढं माझा अंगठा उमटवला. वेगवेगळ्या सह्या काढत बसले असते तर उशीर झाला असता, शिवाय पकडले गेले असते. हे एक कारण झालं. दुसरं लिहायला हात अडतोय. म्हातारी बाई म्हटल्यावर अंगठाच असणार, हे माझ्या मनानं आपोआप धरलं होतं. शिक्षण आणि सन्मान यांवर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात टाळ्या घेणारी मी! मावशीचं नाव लिहिताना ते जोडाक्षरसुद्धा मी झरकन लिहिलं, आणि तरी मला काही म्हणजे काही आठवलं नाही. मग साबणानं अंगठा घासला आणि रिक्षा पकडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यातली जी भेटेल तिला मी सांगत गेले. दहाही जणी हसल्या. 'बरं केलंस बाई, काम झाल्याशी मतलब.' मावशी चार दिवसांनी आली. तिलाही सांगू सवडीनं, ती पण हसेल, असं मी म्हणत राहिले आणि तेवढ्यात त्या ऑफिसातला कारकून चौकशीला आला. कागदावरची पाचसहा नावं निवडून तो माणसं खरी आहेत का बघत होता, आणि त्याच्यासोबत मी, पुढारीण. मावशी ओट्यावर बसलेली. 'आजी, हे नाव तुमचंच ना? आणि हा अंगठा तुमचाच?' तिनं कागद हातात घेतला, लांब धरला, चष्मा वर केला. आई, ती वाचते गं. फक्त स्वतःचं नाव, पण वाचते. नावावरून तिचं बोट सावकाश फिरलं आणि पुढच्या निळ्या डागापाशी थांबलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. ती नाही म्हणाली असती तर तो सगळा कागद संशयात आला असता, केंद्र रोडपलीकडंच राहिलं असतं आणि माझी गावभर छी थू झाली असती.

'व्हय,' ती म्हणाली. 'माझाच हाय.'

कारकून पुढच्या घराकडं वळला. मला वाटलं, आता ही माझा उद्धार करणार. केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, 'तुझ्या आईनं माझ्यापायी किती पीठ सांडलं व्हतं गं,' आणि काठी टेकत आत गेली. मी दारात उभी. चुकलं म्हणायचं होतं, आणि तोंडातून काय निघालं, तर 'मावशी, चहा टाकू का?' कारकून हाका मारत होता म्हणून मी गेले, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

केंद्र आपल्या शाळेत परत आलं. वकीलबाईंनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली, प्राध्यापकांनी 'ही खरी लोकशाही' म्हणून छोटंसं भाषण ठोकलं. मतदानाच्या दिवशी मावशी सकाळीच रांगेत होती, मी तिच्यामागं तिसरी. टेबलावरच्या माणसानं तिचं वय बघूनच शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं ते एका बोटानं परत सरकवलं. 'पेन द्या.' 'आजी, अंगठा चालतो.' 'तुम्हाला चालतो. मला नाय चालत.' ती टेबलावर वाकली. जोडाक्षरापाशी हात थांबला, पुन्हा चालू झाला. मागं बायका कुरकुरायला लागल्या, कुणाला शिफ्टला जायचं होतं, कुणाचं पोर घरी एकटं होतं. कुणी तिला चटकन कर म्हणालं तर मी अंगावर धावून जाईन असं मला वाटत होतं. काय तोंडानं गेले असते कुणास ठाऊक. सही झाली. तिनं बोटाला शाई लावून घेतली, मत दिलं आणि माझ्या शेजारून बाहेर पडली. तिचा पदर माझ्या हाताला लागला, पण तिनं बघितलं नाही.

त्याला दोन महिने झाले. तिनं अबोला धरलाय असंही नाही. पाणी आलं का, भाजी काय केली, सगळं विचारते. पण पूर्वी कुठलाही सरकारी कागद आला की ती माझ्याकडं यायची, 'वाच गं जरा' म्हणत. पेन्शनचा असो, दवाखान्याचा असो. आता कागद घेऊन माझ्या दारावरून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं जाते. त्याला धड वाचता येत नाही, चष्माही नसतो त्याच्याकडं, तरी त्याच्याकडं जाते. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, 'ताई, मावशीचं काही बिनसलंय का तुमच्याशी?' मी म्हटलं, नाही हो, वय झालं आता. तिच्या वयावर ढकललं मी ते, आई. स्वतःची लाज झाकायला तेही चाललं मला.

शिबिरासाठी मुद्दे काढून ठेवलेत. निवेदन पूर्ण वाचून दाखवा. घाई करू नका. दुसऱ्याच्या वतीनं सही करू नका. अक्षर छान आलंय. वकीलबाईंना खरं सांगावं तर त्या म्हणतील, 'अहो, केंद्र आलं ना? सगळ्या म्हाताऱ्यांची सोय झाली, सोडा आता.' आणि तेही खोटं नाही. तीन दिवस मी तुझ्याशी हाच वाद घालतेय. केंद्र आलं की नाही, सांग. एकीलाही रोड ओलांडावा लागला नाही. मग एका अंगठ्याचं एवढं काय? असं म्हणते, आणि मग मावशीच्या हातातला तो कागद डोळ्यापुढं येतो. शिबिरात हे सांगायचं की नाही ते नंतरचं. त्याआधी तिच्या ओट्यावर जाऊन बसायला हवं. ती काय म्हणेल याची भीती नाही मला. ती काहीच म्हणणार नाही, 'जाऊ दे गं' म्हणेल, आणि पुढचा कागद पुन्हा किराणावाल्याकडं नेईल, याची भीती वाटते.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणूनच इतकं भराभर लिहून झालं. तुझी माफी मागणं मला जड जात नाही. तुला तोंड दाखवावं लागत नाही ना. मावशी आत्ता बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसलीय, पडद्याच्या फटीतून मला दिसतेय. एवढं एक कबूल करते, आई. पडदा आधी उघडा होता. लिहायला बसताना मीच तो ओढून घेतला, तिनं मान वर केली तर मी घरी आहे हे तिला कळू नये म्हणून.