शर्वरीवरचं पाणी

११ मार्च १९९०, रविवार. पिंप्राळा
धुळ्याहून पाठकांचं जाड पाकीट. 'दूरयात्री' मालिका टीव्हीवरून गुंडाळली त्याला वर्ष होऊन गेलं. त्यातलं शर्वरी हे अंतराळातलं जहाज भर अंधारात सोडून दिलं मेल्यांनी. पण आमच्या चाहत्यांच्या मंडळातल्या वेड्यांचं लिहिणं काही थांबत नाही. जो तो घरी बसून पुढच्या गोष्टी रचतो, पाठक त्या स्टेन्सिलवर टाइप करून, प्रती काढून सगळ्यांना धाडतात. एकाचं जहाज दुसऱ्याच्या जहाजाशी जुळेना, म्हणून भाऊला नेमलंय. जहाजावर काय खातात, कुठे झोपतात, कशाची शपथ घेतात, ते भाऊ ठरवणार आणि बाकीच्यांनी पाळायचं. सगळे त्याला तपशीलदार म्हणतात. स्वारी खूश असते.

आजचे प्रश्न: जहाजावर साबण असतो का (चाळीसगाव). कप्तानाच्या आईचं नाव काय (अमळनेर). माणूस मेला की कुठे नेतात (खुद्द पाठक). शेवटच्याला भाऊ म्हणाला, "याचं नंतर बघू."

पाय परत सुजलेत त्याचे. दाबलं की खड्डा तसाच राहतो. दुकान आठवडाभर बंद. दुरुस्तीला आलेले लोकांचे रेडिओ, टीव्ही आत पडून.

१५ मार्च, गुरुवार
डॉक्टर. रिपोर्ट वाईट. दोन्ही किडन्या जात चालल्यात. "पाणी मोजून. मीठ बंद. फळं बंद." दिवसाचं सगळं पाणी एका तांब्यात मावेल एवढंच. जळगावात, उन्हाळ्याच्या तोंडावर!

बाहेर आल्यावर भाऊ हसला. मला रडू फुटायच्या बेतात आणि हा हसतोय. असा राग आला.

आईला रिक्षात सांगितलं. घर येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसली.

२५ मार्च, रविवार
भाऊने नवा तपशील लिहिला. स्वच्छ प्रत नेहमीप्रमाणे मी केली. इथेही उतरवते:

"शर्वरीवर पाणी मोजून मिळते. प्रत्येकाचा तांब्या वेगळा, तळाशी नाव कोरलेले. उठल्याबरोबर पहिला घोट घेत नाहीत. जो दुपारपर्यंत राखतो तो जहाजावर टिकला, असे मानतात. तोंड कोरडे पडले की वेलदोडा चघळतात. कुणाकडे गेले असता पाणी मागणे हा उद्धटपणा समजला जातो. कुणी पीत असेल तर इतरांनी दुसरीकडे पाहावे. आणि ज्याचे पाणी कमी केलेले आहे त्याच्यासमोर कुणी पिऊ नये."

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला. परवा मी नशिराबादहून एसटीत उभ्याने आले, शाळेत दिवसभर शिकवताना ओरडून घसा सुकलेला, आणि याच्यासमोर माठातलं गटागटा प्यायले. बोलला काहीच नाही. बोलतो कुठे हा, लिहितो.

आता मी आणि आई मोरीत जाऊन पाणी पितो.

७ एप्रिल, शनिवार
पाठकांचं कार्ड. "लोक लढाया मागतात, तुम्ही तांबे कसले वाटता? सम्राटाच्या तोफांचा पल्ला कळवा."
भाऊचं उत्तर: "तोफ डागणाऱ्याला तहान लागते. आधी ते लिहा."
चाळीसगावच्या बाई मात्र भारीच खूश. त्यांनी पाणी राखणाऱ्या एका म्हातारीवर गोष्टच लिहून टाकली. भाऊने दोनदा वाचली. त्या दिवशी बिनमिठाची खिचडी कुरकुर न करता खाल्ली.

१९ एप्रिल, गुरुवार
काय लिहू.

काल यावलहून मामा आला. खांद्यावर केळीचा घड. भाऊकडे बघून त्याचे डोळेच भरून आले. "काय हाल झाले रे पोराचे! आपल्याच वावरातली हायेत, खाय. रगत येईन." भाऊने चार खाल्ली. कितीतरी दिवसांनी काहीतरी गोड, ओलं. मीच सोलून दिली.

आज सकाळी उठवेना त्याला. पायात जीव नाही, छातीत कसंतरी. रिक्षात घालून दवाखाना. डॉक्टरांनी सलाइन, इंजेक्शनं, धावपळ. मग आईवर उखडले. "फळं बंद म्हटलं होतं ना मी?"
आई म्हणाली, "फळं नाही दिली हो डॉक्टर. केळी दिली."

खरंच सांगते, आमच्या घरात केळ्याला फळ कुणी म्हणतच नाही. संत्री, मोसंबी, द्राक्षं सगळं बंद केलं होतं आईने, अगदी प्रसादाचंसुद्धा. केळी म्हणजे भाकरीसारखी, असतातच. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. याच्यासाठी केळं म्हणजे विष, म्हणे.

मामा बाहेर पायरीवर डोकं धरून बसलाय. त्याला काय सांगायचं?

२२ एप्रिल, रविवार
वाचला. पण डॉक्टर स्पष्टच बोलले. आता मशीनवर रक्त धुवायला लागेल, ते इथे नाही, मुंबईला न्या. आणि तेही कायमचं नव्हे. रक्ताच्या नात्यातल्या कुणी किडनी दिली तर.

वडील म्हणाल तर नाना आता नाहीत. आईला साखर. उरले मी.
"मी देते," म्हटलं. विचार वगैरे काही केला नाही, तोंडातून निघूनच गेलं.
आई: "लग्न व्हायचंय तुझं."
भाऊने भिंतीकडे तोंड फिरवलं.

२ मे, बुधवार
घरी आणलं. ऊन नुसतं भाजतंय. ओला पंचा डोक्यावर घेऊन पडून असतो. आज उठून बसला आणि तपशील लिहिला. प्रत करायला घेतली तर:

"शर्वरीचा कायदा. आपला तांब्या दुसऱ्याला देता येत नाही. आईने मुलाला नाही, बहिणीने भावाला नाही. दिल्यास घेणाऱ्याला जहाजावर जागा नाही."

अंगाचा तिळपापड झाला.
"हे कुणासाठी लिहिलंस?"
"मंडळासाठी."
"खोटं बोलू नकोस."
"मंदे, डोकं शांत ठेव. जहाजावर पाणी देणं सुरू झालं की जो तो आपल्या माणसाला देत सुटेल. मग ज्याला घ्यावं लागतं त्याने जगायचं कसं? प्रत्येक घोटाला देणाऱ्याचं तोंड दिसेल त्याला."
मी म्हटलं, "दिसू दे की. माझं तोंड एवढं वाईट आहे का?"
हसला नाही.

प्रत केली नाही मी. त्याने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात पाठवला. छापून येईल.

६ मे, रविवार
रक्त तपासून घेतलं. गट जुळतो. बाकीच्या तपासण्या मुंबईत.
आईला सांगितलं. पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच हातात. म्हणाली, "एक लेकरू वाचवायला दुसरं कापायला देऊ? मी काय सांगू ग तुला. दोन्ही माझीच."
तिथेच बसून दोघी रडलो. तव्यावरची पोळी जळून कोळसा.

भुसावळचं स्थळ फिरलं. कुठून कळलं देव जाणे. मुलीच्या पोटावर टाके असणार, पुढे बाळंतपण कसं व्हायचं, असा निरोप. आईला वाईट वाटलं. मला नाही वाटलं म्हणाले, तर ते खरं नाही. जरा वाटलंच. फोटोतला मुलगा बरा होता.

१० मे, गुरुवार
छापून आलेला तपशील बदलायचा तर मंडळात एकच रीत. तो मोडणारी गोष्ट लिहायची, आणि ती अशी पटली पाहिजे की तपशीलदाराने स्वतः सही करावी. ही रीतही भाऊनेच घातलेली. ठीक आहे. मी लिहिते. पाठकांना तसं कार्डही टाकलं. जन्मात गोष्ट लिहिली नाही, त्याच्या प्रती तेवढ्या केल्या. पण शाळेला सुट्टी आहे.

माझी रेवा आजारी माणसांची सेवा करते. भाऊ आहे तिला. ती आपलं पाणी त्याच्या तांब्यात ओतते.

१३ मे, रविवार
वाचून परत दिली. समासात लाल पेन्सिल. "दुपारी टाकीपाशी पहारा असतो. रेवा पोचलीच कशी?"
दुरुस्त केलं.
संध्याकाळी परत लाल. "रिकामा तांब्या वाजतो. पहारेकऱ्याला ऐकू येईल."
खुसपटं काढतोय नुसती. मुंबईचा विषय काढला की डोळे मिटून घेतो. चेहरा पिवळट पडलाय, आंघोळ केली तरी अंग खाजतं म्हणतो. मला भीती वाटते. खूप वाटते.

१८ मे, शुक्रवार
पाठक स्वतः आले, धुळ्याहून एसटीने, भर दुपारी. पत्रांवरून वाटायचं कुणी मोठ्या मिशीवाला असेल, हा तर किडकिडीत, बुजरा माणूस. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.
आईने विचारलं, "पाणी देऊ?"
"नको मावशी. तहान नाही."
ओठ कोरडे ठक्क पडलेले दिसत होते. तासभर भाऊपाशी बसले, सम्राट, तोफा, साबण, सगळं झालं. खिशातून वेलदोडे काढून एक त्याला दिला, एक स्वतः तोंडात टाकला. भाऊ कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.
निघताना मी त्यांना मोरीकडे नेलं, तेव्हा सलग तीन पेले प्यायले. मग म्हणाले, "ताई, मंडळातले सगळे तुमच्या गोष्टीची वाट बघताहेत. पण सही तपशीलदारांचीच लागेल. त्याला आमचा इलाज नाही."

२४ मे, गुरुवार
दम लागतो आता. तक्क्याला टेकूनच झोपतो.
पाचव्यांदा लिहिलेली गोष्ट दिली. या खेपेला लाल पेन्सिल हातातच घेतली नाही. वाचून झाल्यावर कागद छातीवर ठेवून पडून राहिला.

"पटली?"
"पहारा, तांब्या, टाकी, सगळं बरोबर आहे."
"मग कर सही."
"रेवाचं पुढे काय होतं?"
"पुढे म्हणजे?"
"ती देते आणि तुझी गोष्ट संपते. तिला नंतर तहान लागत नाही? तिचं लग्न होतं का? मुलं? वीस वर्षांनी ती कशी आहे? भावाकडे बघून तिला काय वाटतं? एवढं लिही. मग करतो सही."
"ते मला काय माहीत?"
"मलाही नाही माहीत," म्हणाला. "म्हणून तर कायदा केला."

उठून मागच्या दारी आले. वाटलं कागद फाडून त्याच्या अंगावर फेकावेत. वाटलं त्याच्या पायावर डोकं ठेवावं. दोन्ही केलं नाही.

२७ मे, रविवार
मुंबईची तिकिटं आणली मामाने. परवा निघायचं, आई, मी, भाऊ. मशीनवर जायला तयार झालाय, तेवढंच. "किडनीचं तुझी गोष्ट वाचल्यावर." डॉक्टरांना हे सांगितलं तर ते आम्हा दोघांनाही वेड्यात काढतील. काढू देत.

आईने बॅग भरली. मला कामाला हात लावू देत नाही. "तू लिही," म्हणाली. तिला शर्वरी म्हणजे काय ते नीट माहीतही नाही.

सकाळपासून लिहितेय. वीस वर्षांनंतरची रेवा. जाड झालीय. चष्मा लागलाय. उन्हाळ्यात अजून त्रास होतो, कुशीत दुखतं, ते कुणाला सांगत नाही. लग्न झालं की नाही ते दोनदा खोडलं, मग झालं असं केलं, नवरा जरा तापट आहे पण ठीक. एक मुलगी, अभ्यासात मठ्ठ. कधीकधी रेवाला भावाचा राग येतो, उगीचच, आणि मग स्वतःची लाज वाटते. हेही लिहिलं. खोटं लिहिलं तर तो लगेच ओळखेल.

आता संध्याकाळ. रेवा जहाजाच्या खिडकीपाशी बाकावर येऊन बसलीय. बाकावर आणखी एकाला पुरेल एवढी जागा आहे. तिथे भावाला बसवू का नको, तेवढं ठरत नाहीये.